चार बेडचा एसओटू कन्व्हर्टर कागदावर कसा बसवायचा, एकदम पहिल्यापासून

केमिकल इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांना मल्टी-स्टेज रिअ‍ॅक्टर म्हटलं की वाटतं, एका बेडात (थरात) काम होत नाही म्हणून कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) चार ठिकाणी वाटून टाकला असेल. मलाही शिकताना तसंच वाटायचं. प्लँटवर आलो, कन्व्हर्टरच्या भोवतीचे डक्ट बघितले, प्रत्येक बेडनंतर गॅस बाहेर काढतायत, थंड करतायत आणि परत आत सोडतायत, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इथे खरं काम कॅटॅलिस्टइतकंच या बाहेरच्या पाइपांमध्ये चाललंय. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या प्लँटमधला एसओटू कन्व्हर्टर, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा (एसओटू) सल्फर ट्रायऑक्साइड (एसओथ्री) करणारं भांडं घेऊ, कारण तो आपल्याकडे खत कारखान्यांपासून डायच्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे उभा आहे, आणि त्याचं गणित एका एक्सेल शीटमध्ये बसतं. सोबत शीट उघडून बसा, नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही.

आधी रिअ‍ॅक्शन नीट समजून घ्या

एसओटू अधिक अर्धा ऑक्सिजन, मिळून एसओथ्री. दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ही रिअ‍ॅक्शन भरपूर उष्णता सोडते, मोलमागे साधारण ९९ किलोज्यूल. दोन, ही उलटही फिरते, आणि तापमान जितकं जास्त तितकी उलटी फिरायची ओढ जास्त.

आता अडचण अशी की व्हॅनेडियमचा कॅटॅलिस्ट ४०० डिग्रीच्या खाली नीट पेटत नाही (सीझियम घातलेले कॅटॅलिस्ट थोडे खाली, ३८० ते ३९० ला चालतात, पण महाग), आणि वर ६४० च्या पुढे नेला तर तो हळूहळू मरतो. म्हणजे खेळायला मैदान ४०० ते ६४०. गॅस ४२० ला आत गेला की रिअ‍ॅक्शन सुरू, उष्णता सुटते, गॅस तापतो, आणि तापल्यामुळेच रिअ‍ॅक्शन पुढे जायची थांबते. स्वतःच्याच उष्णतेनं स्वतःची वाट अडवते ही रिअ‍ॅक्शन. पुढचं सगळं डिझाइन या एका वाक्यातून निघतं.

इक्विलिब्रियमसाठी (म्हणजे सुलटी आणि उलटी रिअ‍ॅक्शन सारख्याच वेगानं चालते ती स्थिती) हा फॉर्म्युला शीटमध्ये टाका: केपीचा (इक्विलिब्रियमच्या स्थिरांकाचा) लॉग (बेस १०) = ४९५६ ÷ टी, वजा ४.६७८. टी केल्व्हिनमध्ये, प्रेशर अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये. दुसऱ्या बाजूला गॅसची स्थिती, कन्व्हर्जन म्हणजे एसओटूचा किती हिस्सा एसओथ्री झाला ते: कन्व्हर्जन ÷ (१ − कन्व्हर्जन), आणि त्याला ऑक्सिजनच्या पार्शल प्रेशरच्या (एकूण प्रेशरमधल्या ऑक्सिजनच्या वाट्याच्या) वर्गमुळानं भागायचं. केपी आणि हा आकडा जिथे सारखे होतात तिथे भिंत. त्याच्या पुढे तुम्ही कॅटॅलिस्टचा डोंगर ओतला तरी गॅस हलणार नाही.

फीड, म्हणजे आत जाणारा गॅस, ठरवा

गंधक जाळून केलेला गॅस असेल तर सोपं आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, गंधक जळताना एक मोल ऑक्सिजन जातो आणि एक मोल एसओटू येतो, म्हणजे दोघांची बेरीज कायम २१. मी १० टक्के एसओटू धरतो, मग ऑक्सिजन ११ आणि नायट्रोजन ७९.

१२ टक्के का नको, असं कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे, गॅस जितका घट्ट, म्हणजे एसओटू जितका जास्त, तितकी यंत्रं लहान. पण गणित करून बघा: १२ टक्क्यांना ऑक्सिजन उरतो ९, तापमानाची उडी मोठी होते, आणि पहिला बेड ६० टक्क्यांच्या आसपासच भिंतीला टेकतो, तेही ६३० डिग्रीच्या वर. म्हणजे कॅटॅलिस्टच्या मर्यादेला खेटून. असे प्लँट चालतात, पण शिकताना १० घ्या.

फर्नेसचं थोडक्यात. गंधक साधारण ११९ डिग्रीला वितळतं, १३५ ते १४५ मध्ये चांगलं पातळ असतं, आणि १५९ च्या पुढे गेलं की एकदम घट्ट चिकट होतं, पंपच बसतो. म्हणून लाइनला स्टीम जॅकेट आणि त्या स्टीमच्या प्रेशरवर बारीक लक्ष. १० टक्के गॅसला फर्नेस १००० डिग्रीच्या आसपास असते, बॉयलर तो गॅस ४२० ला आणून कन्व्हर्टरकडे सोडतो. आणि हो, हवा आधी ड्राइंग टॉवरमध्ये अ‍ॅसिडनं सुकवून घ्यायची. कोकणात जुलैमध्ये ३० डिग्री आणि ८५ टक्के दमट हवा म्हणजे किलोमागे २३ ग्रॅमच्या आसपास पाणी, ते सगळं अ‍ॅसिड ओढून घेतं. डिझाइन जानेवारीच्या हवेवर केलंत तर पावसाळ्यात अ‍ॅसिडची स्ट्रेंग्थ सांभाळता सांभाळता ऑपरेटरचा जीव जातो.

अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक लाइन काढा

बेडाला बाहेरून थंड करत नाही, जी उष्णता सुटेल ती गॅसच घेऊन जाणार. एक मोल फीड गॅसमध्ये ०.१० मोल एसओटू, म्हणजे पूर्ण कन्व्हर्जनला ९,९०० ज्यूल. गॅसची उष्णता धारण करायची क्षमता मोलमागे ३३ ज्यूल प्रति डिग्री धरली (नायट्रोजन ३१ च्या जवळ, एसओटू ५०, एसओथ्री ७०, त्यांची बेरीज करून ३३ येते). भागाकार केला की ३०० डिग्री. म्हणजे दर १ टक्का कन्व्हर्जनला तापमान ३ डिग्री चढतं. हा ३ चा आकडा पाठच करून टाका, प्लँटवर पॅनलसमोर उभं राहून तोंडी हिशेब करता येतो: पहिल्या बेडाचा इनलेट ४२०, आउटलेट ६१५, फरक १९५, तीननं भागा, ६५ टक्के. लॅबचा रिपोर्ट यायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं बेड काय करतोय ते.

पहिला बेड

४२० ला आत. लाइन वर चढत जाते, इक्विलिब्रियमचा वक्र खाली येत जातो, आणि दोघं भेटतात ते ६७ टक्के, ६२१ डिग्रीला. आपण ६५ ला थांबायचं, ६१५ डिग्री.

इथे सगळ्यात जास्त चूक होते म्हणून थांबून सांगतो. ६५ वरून ६७ ला जायला, म्हणजे फक्त दोन टक्क्यांसाठी, कॅटॅलिस्ट बेसुमार लागतो, कारण भिंतीजवळ रिअ‍ॅक्शनचा वेग शून्याकडे जातो. त्या दोन टक्क्यांचा मोह सोडायचा, पुढच्या बेडात ते चुटकीसरशी मिळतात.

आणि इनलेट उगाच वाढवू नका. ४२० ऐवजी ४४० दिलं तर भिंत ६७ वरून ६४ वर सरकते. वीस डिग्रीनं तीन टक्के गेले. नवीन माणूस बेड पेटत नाही म्हटलं की इनलेट वाढवतो, पेटतोही, पण मग तो तसाच चालू राहतो आणि महिनाभर कोणी खाली आणत नाही.

मधला कूलिंग

थंड करायचे रस्ते दोन. एक म्हणजे गॅस बाहेर काढून एक्सचेंजर (एका गॅसची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) किंवा बॉयलर-सुपरहीटरमधून फिरवणं. दुसरा म्हणजे बेडांच्या मध्ये थंड फीड गॅस मिसळणं, ज्याला क्वेंच म्हणतात. अमोनियाचे बरेच कन्व्हर्टर क्वेंचवर चालले, कारण तिथे १५०-२०० बारच्या भांड्याला आणखी भोकं पाडून पाइप बाहेर काढणं ही डोकेदुखी. पण क्वेंचमध्ये नवा, न झालेला गॅस मिसळतो, मिळवलेलं कन्व्हर्जन थोडं पातळ होतं. आपल्याकडे प्रेशर जेमतेम वातावरणाएवढंच, तेव्हा एक्सचेंजरच घ्या. शिवाय ६१५ डिग्रीची उष्णता थंड गॅसमध्ये मिसळून घालवायची नसते, तिच्यावर स्टीम सुपरहीट होते आणि टर्बाइन फिरते. गंधकावरचा अ‍ॅसिड प्लँट बऱ्याच ठिकाणी वीज विकत घेण्याऐवजी स्वतः करतो ती याच जोरावर.

नेहमीची मांडणी अशी: पहिल्या बेडानंतर सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा), दुसऱ्यानंतर हॉट इंटरपास एक्सचेंजर, तिसऱ्यानंतर कोल्ड इंटरपास एक्सचेंजर आणि इकॉनॉमायझर (बॉयलरचं पाणी तापवणारा). ही नावं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

दुसरा आणि तिसरा बेड

दुसऱ्याला गॅस ४४० ला द्या. सुरुवात ६५ टक्क्यांपासून, तीच ३ डिग्रीची लाइन. भिंत येते ९१ टक्क्यांना, ५१८ डिग्री. आपण ८९ ला थांबू, आउटलेट ५१२.

तिसऱ्याला ४३५ ला. भिंत ९७ च्या किंचित खाली. आपण ९५.५ धरू, आउटलेट ४५५ च्या आसपास. बघा, पहिल्या बेडात १९५ डिग्रीची उडी, दुसऱ्यात ७२, तिसऱ्यात जेमतेम २०.

आता इथून पुढे सरळ चौथा बेड लावला, ४२० ला थंड करून, तर? करून बघा शीटमध्ये. भिंत ९८.४ ला आहे. म्हणजे प्रत्यक्षात ९८ च्या आसपास, आणि तिथे तुम्ही अडकलात. पाचवा बेड लावलात तर दशांशात फरक. याच्या फार खाली थंड करता येत नाही कारण कॅटॅलिस्ट झोपतो.

९८ टक्के ऐकायला छान वाटतं. पण उरलेले २ टक्के चिमणीतून जातात. एक टन अ‍ॅसिडमागे तो एसओटू १३ किलो होतो. ५०० टनाच्या प्लँटला दिवसाला साडेसहा टन. शेजारच्या गावातल्या म्हातारा-म्हाताऱ्यांच्या छातीत जाणारा गॅस आहे तो, आंब्याच्या मोहोरावर बसणारा. हा आकडा शीटमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवत जा.

इंटरपास टॉवर, म्हणजे खरी युक्ती

तापमान हलवून थकलो, तर मग दुसरी बाजू हलवायची. भिंत कशामुळे आहे? एसओथ्री साठल्यामुळे. तर एसओथ्रीच काढून घ्या. तिसऱ्या बेडानंतर गॅस थंड करून टॉवरमध्ये पाठवायचा, ९८.५ टक्के अ‍ॅसिड ७०-८० डिग्रीला वरून खाली येतं आणि एसओथ्री त्यात विरघळतो. (पाण्यात का नाही? पाण्याच्या वाफेशी एसओथ्री हवेतच भेटतो, अ‍ॅसिडचं धुकं होतं आणि ते धुकं टॉवरमध्ये सहज पकडलं जात नाही.) मग उरलेला गॅस त्याच कोल्ड आणि हॉट इंटरपास एक्सचेंजरमधून परत तापवून चौथ्या बेडात. ही डबल अ‍ॅब्सॉर्प्शनची पद्धत जर्मनीत बायर कंपनीनं १९६० च्या दशकात चालू केली. कॉन्टॅक्ट प्रोसेसचं, म्हणजे कॅटॅलिस्टवर एसओथ्री करायच्या या पद्धतीचं, मूळ पेटंट ब्रिस्टलच्या पेरेग्रिन फिलिप्स नावाच्या व्हिनेगरच्या व्यापाऱ्याचं, १८३१ चं. म्हणजे एवढी साधी दिसणारी गोष्ट रुळायला सव्वाशे वर्षं गेली.

गणित करा. मूळ एक मोल फीडमधून आता उरलंय: एसओटू ०.००४५, ऑक्सिजन ०.०६२, नायट्रोजन ०.७९. एसओटू अर्धा टक्का, ऑक्सिजन सात टक्क्यांच्या वर, एसओथ्री शून्य. गॅससाठी जणू नवीन जन्म. ४२० ला आत सोडा, उडी फक्त १६ डिग्री, आणि उरलेल्यातला ९८ टक्के एसओटू होऊन जातो. एकूण भिंत ९९.९ च्या वर. प्रत्यक्षात ९९.७ ते ९९.८ मिळतं. ९९.८ ला टनामागे एसओटू १.३ किलो. तेराचे सव्वा झाले, आणि कॅटॅलिस्ट तोच, तापमान तेच.

रिफायनरीत पेट्रोल-डिझेलमधला गंधक काढतात तिथे क्लॉस युनिट असतं, तिथेही अगदी हीच युक्ती आहे. आधी भट्टीत निम्म्याहून जास्त गंधक मिळतं, मग कॅटॅलिस्टचे दोन-तीन बेड, आणि प्रत्येक बेडाच्या मध्ये कंडेन्सर, जो तयार झालेलं गंधक द्रव करून बाहेर काढतो म्हणून पुढचा बेड पुढे जाऊ शकतो. तीन बेडांना ९७-९८ टक्क्यांपर्यंत. आणि ते गंधक शेवटी टँकरनं अ‍ॅसिडवाल्यांकडेच येतं.

कॅटॅलिस्ट किती, कुठे

ढोबळ आकडा: दिवसाला एक टन अ‍ॅसिडमागे २०० लिटरच्या आसपास, चारही बेड मिळून. पण समान वाटायचा नाही. पहिल्या बेडात सगळ्यात कमी आणि चौथ्यात सगळ्यात जास्त. मुलांना हे उलटं वाटतं, कारण काम तर पहिला बेड सगळ्यात जास्त करतो. पण तिथे गॅस घट्ट आणि तापमान चढं, वेग प्रचंड. चौथ्यात अर्धा टक्का एसओटू ४२० डिग्रीला कुंथत कुंथत होतो, त्याला वेळ लागतो, वेळ म्हणजे व्हॉल्यूम.

नेमका आकडा कॅटॅलिस्टवाल्याकडून घ्या, त्यांचे वेगाचे आकडे त्यांच्या स्वतःच्या गोळीचे असतात. आपण आपली शीट नेऊन त्यांच्यासमोर बसायचं, म्हणजे त्यांनी दिलेलं कोटेशन नुसतं स्वीकारावं लागत नाही.

पहिल्या बेडासाठी रिंग किंवा फुलाच्या आकाराचा कॅटॅलिस्ट घ्या, प्रेशर ड्रॉप कमी राहतो आणि धूळ सहन होते. गंधकातली राख, डक्टमधला गंज, सगळं पहिल्या बेडाच्या माथ्यावर येऊन बसतं. शटडाऊनमध्ये वरचा थर काढून चाळायचा असतो, चाळताना दहा-पंधरा टक्के मोड होते ती धरून साठा ठेवा. बेड दीड-दोन फुटांचा असला तरी रुंद मोठा असतो, म्हणून गॅस सगळीकडे सारखा पसरतोय का हे बघायला एका बेडाला एकच थर्मोकपल लावू नका, निदान तीन, वेगवेगळ्या दिशांना. एका बाजूला ६१५ आणि दुसऱ्या बाजूला ५८० दिसायला लागलं की समजायचं कुठेतरी कॅटॅलिस्ट दबलाय किंवा गॅस वाट काढून पळतोय.

शेल जुन्या प्लँटमध्ये आतून विटा लावलेलं कार्बन स्टील आणि बीडाचे खांब असायचे, आता स्टेनलेस ३०४ चं भांडं करतात. लवकर तापतं, लवकर थंड होतं, स्टार्टअपचा वेळ वाचतो.

स्टार्टअपचा हिशेब डिझाइनमध्येच

कागदावर चारही बेड गरमच असतात. खरा प्लँट थंड असतो. फर्नेसमध्ये डिझेल जाळून गरम हवा कन्व्हर्टरमधून फिरवायची, पहिला बेड ४२० च्या वर आणि चौथाही पेटायच्या तापमानाजवळ आला की मगच गंधक. घाई करून पहिल्याच बेडावर भरवसा ठेवून गंधक सोडलं तर खालचे बेड पेटेपर्यंत चिमणीतून एसओटूचा लोट जातो आणि गावातून फोन येतात, यायलाच पाहिजेत. म्हणून चौथ्या बेडाला गरम गॅस थेट नेणारा बायपास डिझाइनमध्येच टाका. नंतर टाकायचा म्हटलं की डक्टला जागा उरत नाही.

हीच पद्धत दुसरीकडे लावताना

उष्णता सोडणारी आणि उलटी फिरणारी रिअ‍ॅक्शन असेल, मेथॅनॉल, अमोनिया, तर वरची पद्धत तशीच चालते, आकडे आणि इक्विलिब्रियमचा फॉर्म्युला बदला. रिअ‍ॅक्शन उष्णता पिणारी असेल तर चित्र उलटं करा: पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणाऱ्या रिफॉर्मरमध्ये तीन-चार रिअ‍ॅक्टर असतात आणि मध्ये कूलरऐवजी भट्ट्या, कारण नॅफ्था ५०० डिग्रीच्या आसपास आत गेला की रिअ‍ॅक्शन त्याला थंड करते, परत तापवून पुढे द्यावा लागतो. आणि उष्णतेचा प्रश्नच नसेल, ढवळायच्या टाक्या असतील, तर स्टेज पाडायचं कारण वेगळं. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनला (जिचा वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात असतो) ९० टक्क्यांसाठी एका टाकीत ९ भाग व्हॉल्यूम लागत असेल तर दोन सारख्या टाक्यांत ४.३ पुरतं, तीनमध्ये साडेतीनच्याही खाली. चौथीपासून बचत कमी आणि मोटारी-सील जास्त.

भिंत ओळखता आली की दोष पण ओळखता येतो

कोकणातल्या एका प्लँटवर मी असताना स्टॅकचा (चिमणीचा) एसओटू दोन आठवड्यांत हळूहळू दुप्पट झाला. शिफ्टमधल्या सगळ्यांचं म्हणणं चौथा बेड मेला, इनलेट वाढवा. ४२० चं ४३५ केलं, स्टॅक आणखी वाढला. आमचे सीनिअर पाटीलसाहेब कंट्रोल रूममध्ये आले, म्हणाले, "अरे, चौथ्याची उडी किती आहे?" मी म्हटलं, साहेब, १६. "मग बेड मेला कुठे? मेलेला बेड उडी मारतो का?"

मग त्यांनी कागद ओढला आणि मांडलं. कोल्ड इंटरपास एक्सचेंजरमध्ये एका बाजूला तिसऱ्या बेडातून आलेला गॅस, १० टक्के एसओथ्रीचा, प्रेशर जास्त. दुसऱ्या बाजूला टॉवरमधून धुऊन आलेला गॅस, प्रेशर कमी. ट्यूब फुटली तर एसओथ्री चौथ्या बेडाच्या तोंडाशी येणार. दोन्हीकडे एसओटू जवळपास सारखाच, अर्धा टक्का, म्हणून उडीत फरक दिसणार नाही. पण ५ टक्के गळती म्हणजे चौथ्याच्या इनलेटला अर्धा टक्का एसओथ्री, जितका एसओटू तितकाच एसओथ्री आधीच हजर, आणि गणितानं उरणारा एसओटू जवळपास दुप्पट. हॉट एक्सचेंजर गळत असता तर दुसऱ्या बेडाचा गॅस आला असता, त्यात एसओटू सव्वा टक्क्याच्या जवळ, मग उडीही थोडी वाढली असती.

इनलेट परत ४२० ला आणला. लॅबवाल्यांनी मास्क, सूट घालून दोन ठिकाणचं सॅम्पल घेतलं, टॉवरच्या आउटलेटला एसओथ्री जवळजवळ नाही, चौथ्या बेडाच्या इनलेटला आहे. शटडाऊन घेतला, एक्सचेंजर उघडला तर थंड टोकाकडच्या सतरा ट्यूबा चाळणीसारख्या झालेल्या. कारण त्याच्याही मागे होतं: इंटरपास टॉवरच्या माथ्यावरच्या मिस्ट कँडलपैकी (धुक्याचे थेंब अडवणाऱ्या फिल्टरपैकी) एकाचं गॅस्केट बसलं होतं, अ‍ॅसिडचे बारीक थेंब तिथून निसटून ट्यूबांवर पडत होते. गॅस्केट बदललं, सतरा ट्यूबांना प्लग मारले, चौथ्या बेडाला हातही लावला नाही. स्टार्टअपनंतर तिसऱ्या दिवशी स्टॅक पूर्वीच्या आकड्यावर होता आणि चौथ्याची उडी तीच, १६.